तीन दिवस, वसुली माफ

नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की पूर्वी आधी एकादशी-संकष्टी पाहिली जाई. हल्ली आधी पाहतात ते लाल आकडे शनिवार-रविवारला चिकटून आलेत की नाहीत ते. त्या हिशेबाने 2026 हे बऱ्यापैकी पुण्यवान वर्ष. 26 जानेवारी सोमवारी, 1 मे आणि 2 ऑक्टोबर दोन्ही शुक्रवारी. 15 ऑगस्ट शनिवारी पडून वाया गेला आणि 1 मेच्या एकाच चौकोनात महाराष्ट्र दिन व बुद्धपौर्णिमा दाटीवाटीने बसल्यामुळे एक सुट्टी बुडाली, पण एवढं चालायचंच. जोडून आलेली सुट्टी मिळणं सोपं असतं, ती घालवायची कुठे हे अवघड असतं. लोणावळ्याला निघावं तर बोरघाटात गाडीतच सूर्यास्त उरकतो. कोकणात उतरावं तर मुंबई-गोवा महामार्ग अजून होतोच आहे. अलिबागला जावं तर निम्मं दादर आपल्याआधी पोचलेलं. मग ज्याच्या खात्यात चार पैसे जास्त आहेत त्याच्या डोळ्यांपुढे स्पेन येतं: निळं पाणी, पिवळं ऊन, पांढरी घरं आणि वाळूत पाय पसरून पडलेले आपण. 2011 मध्ये झोया अख्तरच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’तल्या तीन मित्रांनी मोटारीतून तो देश पालथा घातला, तेव्हापासून ऑफिसचा फोन बंद करण्याचं अधिकृत ठिकाण म्हणून स्पेनची आपल्याकडे नोंद झाली आहे.

माझं म्हणणं असं की ही निवड चुकते, आणि ती आपल्या स्वभावामुळे चुकते. स्पॅनिश किनाऱ्यावरच्या एखाद्या उन्हाळलेल्या शहरात जे सुख मिळतं म्हणतात, ते मराठी माणसाला मिळालंच तर लखनौला मिळेल. वाक्य विचित्र वाटेल, कारण लखनौला समुद्र नाही, आणि ऊन आहे ते अंगावर घ्यायचं नसून अंगावर येणारं आहे. पण थोडं थांबावं. लंडनमधल्या मराठी मंडळींनी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या मालागाला जावं, याला माझी मुळीच हरकत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं. आता नातवंडांचे पासपोर्टही तिकडचेच. शुक्रवारी संध्याकाळी स्वस्तातल्या विमानात बसायचं, अडीच-तीन तासांत भूमध्य समुद्र, सोमवारी पुन्हा कामावर. त्यांच्या दृष्टीने ते अलिबागच. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याची गोष्ट वेगळी. व्हिसाची फी जून 2024 पासून माणशी 90 युरो. शिवाय बँकेची स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं रजेचं पत्र, हॉटेलचं आगाऊ बुकिंग आणि 30 हजार युरोंचा प्रवासविमा. तीन दिवस आळसात घालवण्याची परवानगी मिळावी म्हणून आपण किती कामसू आहोत याचे पुरावे द्यावे लागतात. आणि एवढे पुरावे जोडून गेलेला माणूस तिथे जाऊन आळस करेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

कारण ‘वसूल’. मराठी पर्यटनाचं सगळं अर्थशास्त्र या एका क्रियेभोवती फिरतं. जितका खर्च मोठा तितकी वसुली कडक. युरोत पैसे मोजलेला माणूस किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसला, तर त्या खुर्चीचा तासाचा दर मनात रुपयांत गुणला जातो आणि गुणाकार पुरा होईपर्यंत तो उठून उभा राहिलेला असतो. बार्सिलोनात सकाळी साग्रादा फामिलिया (1882 पासून बांधकाम चालू आहे हे ऐकल्यावर आपल्याला ते चर्च एकदम घरचं वाटतं), मग पार्क ग्वेल, मग फुटबॉलचं स्टेडियम बाहेरून, मग फ्लामेंको, आणि समुद्र? तो बसच्या डाव्या बाजूला होता. हे शिक्षण आपल्याला लहानपणीच मिळतं. महाबळेश्वरला केट्स पॉइंट, विल्सन पॉइंट, आर्थर सीट. माथेरानला लुईझा पॉइंट, एको पॉइंट. इंग्रज तिथे गार हवेत बसायला गेले. त्यांनी बसायला निवडलेल्या जागांची आपण यादी केली आणि पळत पळत ती पुरी करायला लागलो. ‘पाच पॉइंट झाले, दोन राहिले’ असं हॉटेलच्या जिन्यात भेटलेल्या दुसऱ्या मराठी कुटुंबाला सांगताना चेहऱ्यावर जी काळजी असते, ती पोर्शन राहिलेल्या दहावीच्या मास्तरांच्या चेहऱ्यावर असते.

तेव्हा तीन दिवसांच्या सुट्टीसाठी गाव निवडायचा माझा नियम असा: ज्या गावाचे पॉइंट पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आत संपतात आणि जिथे जायला खर्च इतपतच येतो की वसुलीचा किडा मनात वळवळू नये, ते गाव उत्तम. या दोन्ही कसोट्यांना लखनौ उतरतं. मुंबईहून विमानाने दोन-सव्वादोन तास. पुष्पक एक्सप्रेसने गेलं तर सुमारे 1,400 किलोमीटर आणि जवळजवळ पूर्ण चोवीस तास. ज्याला सुट्टी आडवं पडून सुरू करायची आहे, त्याला तोही वाईट सौदा नाही. आणि पाहण्याच्या जागा तर अशा शिस्तीत रांगेने उभ्या केल्या आहेत की जणू कोणीतरी पर्यटकाला लवकर मोकळं करायचं ठरवलं होतं. बडा इमामबाडा, त्याला लागून रूमी दरवाजा, थोडं पुढे हुसैनाबादचं घंटाघर, त्याच्यापुढे छोटा इमामबाडा. चालत निघालं तरी संपतात. नंतर 1857 च्या तोफगोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन उभी असलेली रेसिडेन्सी. झालं. दीड दिवस ताणला तरी सोमवार कोरा राहतो, आणि हा कोरा सोमवारच लखनौची खरी प्रेक्षणीय वस्तू आहे.

त्या इमामबाड्याचीच गोष्ट घ्या. 1784 साली अवधमध्ये दुष्काळ होता. नवाब असफउद्दौलाने लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीची कामं निघाली, 1977 साली त्याचा कायदा झाला, आणि गावोगाव पाझर तलाव, रस्ते नि खडीचे ढीग उभे राहिले. नवाबाच्या रोहयोतून निघालं एक 50 मीटर लांब, 16 मीटर रुंद दालन, ज्याच्या छताला मधे एकही खांब किंवा तुळई नाही. दंतकथा अशी की दिवसा मजुरांनी बांधायचं आणि रात्री, अंधारात तोंड लपवून, कंगाल झालेल्या घरंदाजांनी त्यातलं थोडं पाडायचं. म्हणजे त्यांनाही मजुरी आणि काम संपायचं नाव नाही. खरं खोटं मौला जाणे. पण काम संपू नये म्हणून धडपडणाऱ्या वास्तूत काम संपवायच्या घाईने शिरलेला मराठी पाहुणा पाहण्यासारखा असतो. वर भूलभुलैया आहे. गाइड आपल्याला सज्जाच्या एका टोकाला उभं करतो, स्वतः दुसऱ्या टोकाला जातो आणि आगपेटीची काडी ओढतो. काडी पेटल्याची सर्र कानाशी ऐकू येते. अंधारात क्षणभर सगळे गप्प होतात. मग आपल्यातला एक जण विचारतो, ‘बाहेर पडायला किती वेळ लागेल?’

वेळेचा विषय निघालाच आहे तर स्पेनचं मोठं आकर्षण पाहून घेऊ. तिथे म्हणे दुपारी विश्रांती, रात्री दहाला जेवण, मध्यरात्री गप्पा. याचं श्रेय तिथल्या लोकांच्या रसिकतेला जरूर द्यावं, पण थोडं घड्याळालाही द्यावं. भूगोलाप्रमाणे तो देश लंडनच्या वेळेत बसतो. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोने काटे एक तास पुढे सरकवले, ते परत मागे आलेच नाहीत. म्हणजे तिथला माणूस दहाला जेवतो तेव्हा सूर्याच्या हिशेबाने नऊच वाजलेले असतात, आणि उन्हाळ्यात आठच. लखनौने याच्या पुढची पायरी गाठली आहे. हुसैनाबादचं घंटाघर 1881 चं, 221 फूट उंच, देशातलं सर्वांत उंच म्हणून मिरवणारं. त्याचं घड्याळ 1984 साली बंद पडलं आणि 2011 मध्ये पुन्हा चालू झालं. मधली 27 वर्षं शहरातलं सर्वांत मोठं घड्याळ एकाच वेळेवर अडकून उभं होतं आणि शहराचं काहीही अडलं नाही. आता याच्याशेजारी 8.12 ची लोकल 8.14 ला आली म्हणून सबंध डब्यातर्फे निषेध नोंदवणारा माणूस उभा करा. त्याला मालागाला नेऊन काय होणार? तो तिथल्या बसचं वेळापत्रक तपासत बसेल. लखनौत तपासायला वेळापत्रकच सापडलं नाही, तर निदान एक शक्यता निर्माण होते.

स्पेनच्या बाजूने दुसरा मुद्दा खाण्याचा. छोट्या छोट्या बशांमधून थोडं थोडं खायचं, मधे उठायचं, दुसरीकडे बसायचं, पुन्हा थोडं खायचं. ही पद्धत जर कोणाला परदेशी वाटत असेल तर त्याने लखनौच्या ‘चौक’ या जुन्या भागात संध्याकाळ काढलेली नाही. शिवाय याला आता कागदोपत्री आधार आहे. खाद्यसंस्कृतीसाठी युनेस्को ज्या शहरांना ‘सर्जनशील शहर’ म्हणते त्या यादीत स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं, तांबड्या कोळंबीसाठी नावाजलेलं देनिया 2015 पासून आहे, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच यादीत लखनौ दाखल झालं. म्हणजे पंगत एकच, पानं दोन. चौकातलं टुंडे कबाबीचं दुकान 1905 चं. भल्यामोठ्या तव्यावर तूप असतं. कारागीर गंधासारख्या वाटलेल्या, कच्च्या पपईने मऊ केलेल्या मांसाचा गोळा बोटांनीच चपटा करून त्यात सोडतो, कड तांबूस होऊ देतो आणि उलथनं खाली सारून तो असा अलगद उचलतो की पाहणाऱ्याचाच श्वास अडकावा, कारण मोडायला तो आतुरच असतो. दात पडलेल्या नवाबासाठी हा प्रकार निघाला असं सांगतात. (मांस कशाचं ते आधी विचारून घ्यावं; चौकातल्या जुन्या दुकानात ते म्हशीचं असतं, आणि हे खाऊन झाल्यावर कळलेलं आपल्याकडच्या काही जणांना सोसत नाही.) परोठ्याच्या तुकड्याबरोबर चार खाल्ले, थोडं चाललं, कुल्फी खाल्ली, पुन्हा चाललं. चावायचं काही नसल्यामुळे बोलायला तोंड मोकळं राहतं, आणि लखनौत बोलणं हाच मुख्य पदार्थ असतो.

संध्याकाळी स्पॅनिश माणसं नटूनथटून उगाच फिरायला निघतात, याचं प्रवासवर्णनांत फार कौतुक असतं. हजरतगंजमध्ये याच क्रियेला ‘गंजिंग’ म्हणतात. 2010 मध्ये बाजाराला 200 वर्षं झाली म्हणून दर्शनी भिंती एका रंगात आणल्या, जुन्या धाटणीचे दिव्यांचे खांब आणि बाकं बसवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, काही घ्यायचं नाही, ओळखीचं कोणी भेटलं तर थांबायचं, नाही भेटलं तर परत फिरायचं. मराठी माणसाला हे जमवावं लागेल. लक्ष्मी रोडवर उगाच चालणारा माणूस दाखवा. प्रत्येकाच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत यादी. सकाळी टेकडीवर जातो तोही फिरत नाही, फेऱ्या मारतो आणि मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजतो. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ हे उत्तर आपल्याकडे संशयास्पद मानलं जातं. लखनौत ते पूर्ण उत्तर आहे. शिवाय फिरणाऱ्या पाहुण्याकडे गाव कसं पाहतं हेही महत्त्वाचं. 2024 मध्ये स्पेनमध्ये सुमारे साडेनऊ कोटी परदेशी पाहुणे आले, म्हणजे तिथल्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट. घरभाडी इतकी वाढली की त्या जुलैत बार्सिलोनातल्या मोर्चात काही जणांनी बाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. महाबळेश्वरच्या माणसाने मनातल्या मनात किती पिचकाऱ्या उडवल्या असतील. लखनौत मात्र गावात शिरताच फलक भेटतो की हसा, तुम्ही लखनौत आहात. पिचकारी चुकवण्यापेक्षा हसणं सोपं.

आता आक्षेप. पहिला अर्थातच समुद्राचा. समुद्राशिवाय कसली सुट्टी? यावर उलट विचारतो: मराठी माणूस समुद्राचं करतो काय? शाळेच्या भूगोलात आपल्याला 720 किलोमीटरचा किनारा दिला आहे. त्या 720 किलोमीटरांत आपण पँट दोन घड्या वर दुमडतो, चपला हातात घेतो, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहतो, पोरांना ‘पुढे जाऊ नकोस’ असं ओरडतो आणि मागे वळून भेळवाला शोधतो. या सर्व विधीत पाणी घोट्याच्या वर लागत नाही. एवढं पाणी लखनौच्या गोमती नदीत सहज मिळेल. ती स्वच्छ असती तर उतरूनही पाहिलं असतं. शिवाय लखनौने ही सोय आधीच करून ठेवली आहे. गोमतीनगरात 1090 चौकाजवळ नदीकाठचा जो रुंद रस्ता आहे त्याला सगळं शहर ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतं. त्यात थट्टा नाही. संध्याकाळी पोरं तिथे कठड्यावर बसतात, फोटो काढतात, जोडपी पाण्याकडे तोंड करून आणि जगाकडे पाठ करून बसतात, पलीकडे ठेल्यांवर आग लागलेली असते कारण तवे तापलेले असतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर याहून वेगळं काय चालतं? समुद्र तिथे असतो खरा, पण त्याच्याकडे पाहतं कोण. राहिला वाइनचा प्रश्न. 26 जानेवारी आणि 2 ऑक्टोबर हे ड्राय डे असल्यामुळे तो राष्ट्रानेच सोडवला आहे. त्या वेळेला लखनौच्या लालबागेत शर्माजींकडे कुल्हडातला चहा, पांढऱ्या लोण्याचा बन आणि गोल समोसा मिळतो, आणि त्यानंतर गाडी चालवता येते.

दुसरा आक्षेप शाकाहारी मंडळींचा: कबाबांच्या गावात आम्ही काय खायचं? रास्त प्रश्न. पण तो स्पेनमध्ये जास्त रास्त आहे, जिथे डुकराची तंगडी दुकानाच्या छताला टांगलेली असते आणि ‘भाजीचं काही द्या’ म्हटल्यावर कोशिंबिरीत ट्यूना येऊ शकतो. म्हणून तर आपले लोक सुटकेसमध्ये कपड्यांपेक्षा चिवडा जास्त नेतात. लखनौत खस्ता कचोरी आहे, मटारची चाट आहे, हजरतगंजातली बटाट्याच्या जाळीदार टोपलीत भरून येणारी चाट आहे, जी एकट्याने संपवणाऱ्याचा सत्कार करावा. मलाई गिलौरी आहे: सायीचा पातळ पापुद्रा, आत खडीसाखर नि पिस्ते, वरून विड्यासारखी घडी. थंडीत ‘मक्खन मलाई’ असते. रात्री दूध उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळून काढलेला केशरी फेस. तो उन्हं चढली की बसतो, तेव्हा यासाठी एक दिवस लवकर उठावं लागेल. एवढी एक शिस्त मी मान्य करतो.

हवेचा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो. मे-जूनमध्ये लखनौला जायचं सुचवणारा माणूस मित्र नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावं. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं आणि विमानं-गाड्या तासन्‌तास लेट होतात हे खरं. पण साहेबाला कळवता येईल असं निसर्गनिर्मित कारण घेऊन सुट्टी आपण होऊन लांबत असेल, तर त्याला आक्षेप म्हणावं का?

गंभीर आक्षेप वेगळाच आहे. लखनौचं हे निवांतपण म्हणजे पर्यटकांसाठी जपलेली दंतकथा नाही का? ज्या राज्याची लोकसंख्या वीस कोटींच्या पुढे आहे त्याची ही राजधानी. सचिवालय आहे, मेट्रो आहे, वाहतूक तुंबते, माणसं घाईत असतात आणि ‘पहले आप’ म्हणत चौकात कोणी गाडी थांबवत नाही. आणि नवाबी आळसाचा शेवट काय झाला हेही ठाऊक आहे: फेब्रुवारी 1856 मध्ये कंपनी सरकारने वाजिद अली शाहला गादीवरून उतरवलं आणि तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला. प्रेमचंदांनी बुद्धिबळाच्या पटावर वाकलेल्या दोन सरदारांची गोष्ट लिहिली, तीत त्या आळसाची पुरती हजेरी घेतली आहे; 1977 मध्ये सत्यजित राय यांनी तिचा चित्रपट केला. शिवाय हा निवांतपणा नेहमीच दुसऱ्याच्या कष्टावर उभा असतो. पाहुणा जो चिकनचा कुर्ता पाच मिनिटांत पसंत करतो, त्यावर आधी लाकडी ठशाने निळी नक्षी उमटवलेली असते, मग घरात बसून कोण्या बाईने मुर्री, फंदा, जाळी असले टाके घातलेले असतात, मग धोब्याने तो निळा रंग धुऊन काढलेला असतो. 2008 पासून या कामाला भौगोलिक मानांकन आहे. टाके घालणारीची मजुरी मात्र नगावर आणि तुटपुंजी. हे सगळं खरं आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की हाच आक्षेप स्पेनलाही लागू पडतो. तिथल्या नोकरदारालाही दुपारची झोप कुठली. तुम्ही किनाऱ्यावर लोळता तेव्हा बशा उचलणारा उभाच असतो. फरक इतकाच की लखनौत हा कष्ट करणारा आपल्याला समजेल अशा भाषेत बोलतो आणि कुर्त्याची घासाघीस करताना आपल्याला थोडी तरी लाज वाटण्याची सोय आहे. दंतकथा म्हणाल तर असेलही. पण गावाने स्वतःबद्दल कोणती दंतकथा सांगायची ठरवली आहे, त्यावर पाहुण्याचं वागणं ठरतं. पुण्याने सांगितलेल्या दंतकथेत दुकान एक ते चार बंद असतं. त्यातसुद्धा मालक आत झोपलेला असतो आणि गिऱ्हाईक बाहेर ताटकळत उभं असतं. लखनौच्या दंतकथेत दोघं बसून बोलत असतात.

मराठी माणूस लखनौला जाऊन निवांत होईल याला इतिहासात पुरावा काय, असं कोणी विचारलं तर मी अडचणीत येतो. पुरावा उलटा आहे. काँग्रेसची अधिवेशनं नाताळच्या आठवड्यात भरत, कारण वकिलांना तेव्हा कोर्टाची सुट्टी असे. डिसेंबर 1916 मध्ये टिळक त्याच सुट्टीत लखनौला गेले. सुरतेच्या 1907 च्या फुटीनंतरचं हे त्यांचं काँग्रेसमधलं पुनरागमन. आणि सुट्टीत केलं काय, तर मुस्लिम लीगबरोबर लखनौ करार. दहा वर्षांनी, 1926 साली, वाळकेश्वरात जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी तिथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक काढलं; आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. ते कैसरबागेत ज्या वास्तूत गेलं ती वाजिद अली शाहचा परीखाना. नवाबाच्या पऱ्या जिथे नाचायच्या, तिथे मराठी माणसाने अभ्यासक्रम, हजेरीपट आणि तासाची घंटा आणली आणि परीखान्यात परीक्षा घेतल्या. रागांचे थाट पाडून त्यांची क्रमवार मांडणी करणाऱ्या गृहस्थाला कामाला हेच गाव सापडावं! त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर 1928 पासून तिथे प्राचार्य होते. संगीतावर या मंडळींचे केवढे उपकार आहेत ते मी सांगायला नको. पण सुट्टीच्या दृष्टीने पाहिलं तर तिघांनीही आपल्या वाट्याचं लखनौ फुकट घालवलं. मात्र यातून माझा मुद्दा पडतो असं नाही. त्यांना तिथे काम होतं. आपल्याला नाही. टिळक आणि भातखंडे यांनी लखनौतलं मराठी काम इतकं पुरं करून ठेवलं आहे की आपल्या वाट्याला ‘गंजिंग’च उरतं.

उरला एक आक्षेप, आणि त्यापुढे माझंही काही चालत नाही. तो असा सुरू होतो: ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर…’ लखनौहून अयोध्या 135 किलोमीटरच्या आसपास. कानपूरपलीकडे बिठूर, नानासाहेबांचं, तेही होण्यासारखं. सत्यनारायणाच्या पोथीत पहिल्याच अध्यायात येणारं नैमिषारण्य त्याहून जवळ, आणि आयुष्यभर ज्याचं नाव ऐकत शिरा खाल्ला ते पाहायचं नाही म्हणजे काय? मग कोणी तरी काशी म्हणतं, कोणी प्रयागराज, आणि माझा तो कोरा सोमवार पहाटे चारला इनोव्हात बसून भरून निघतो. अयोध्येला डिसेंबर 2023 पासून स्वतःचा विमानतळ आहे, हे मी निदर्शनास आणून देऊ शकतो. रामलल्लाचं दर्शन वेगळ्या सुट्टीत, स्वतंत्र तिकिटाने, सावकाश घ्यावं असं सुचवू शकतो. 2 ऑक्टोबरचा शुक्रवार यंदा पितृपक्षात येतो, तेव्हा गर्दी जरा कमी असेल, तोवर थांबा असंही म्हणून पाहीन. पण लोक ऐकणार नाहीत. ते अयोध्येला जातील, परतीचं विमान लखनौहून स्वस्त मिळालं म्हणून दुपारी तिथे उतरतील, विमान सातचं असेल, आणि गाडीत पुढच्या सीटवर बसलेले काका घड्याळाकडे बघत म्हणतील, ‘तीन तास आहेत की हातात. भूलभुलैया होऊन जाईल.’